यमुनापर्यटनाचे कर्ते बाबा पदमनजी

सन २०१९ च्या जानेवारीत, ११ पासून १३ तारखेपर्यंत, यवतमाळ शहरी ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते, हे आपणांपैकी पुष्कळांच्या स्मरणात असेल. उद्घाटनासाठी ज्या लेखिकाबाईंस पाचारण केले होते त्यांचे निमंत्रण आयत्या वेळी परत घेतले गेले. त्यावरून मोठा गवगवा झाला, आणि अखेरीस त्या मानाच्या जागी आपल्याच जिल्ह्यातील, आत्महत्या केलेल्या एका शेतकऱ्याची विधवा पत्नी उभी राहिली. मोठमोठ्या ग्रंथकारांच्या मेळाव्यात एका खेड्यातल्या विधवेने पहिला शब्द बोलावा, ह्याचे कित्येकांस नवल वाटले. आम्हांस मात्र ते वर्तमान ऐकून एका जुन्या पुस्तकाची आठवण झाली. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून ज्या पुस्तकाची गणना होते, ते विधवांच्या हकीकतींचेच आहे. ते १८५७ साली छापले गेले, आणि त्याचे कर्ते आपल्याच ख्रिस्ती मंडळीतले, पंचविशी नुकतीच ओलांडलेले एक शिक्षक होते. त्यांचे नाव बाबा पदमनजी.

आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीते मुलाबाळांस पाठ असतात, परंतु बाबांचे नाव काढले तर थोडेच लोक मान हालवितात. म्हणून आज त्यांचे चरित्र आम्ही सांगत आहो. त्यांच्या आयुष्यात एक दुःख असे होते की ते वाचताना वाचकाने घाई करू नये. त्याकडे आम्ही क्रमाने येऊ.

बाबांचा जन्म १८३१ च्या मे महिन्यात बेळगाव येथे झाला. हे कुटुंब जातीने कासार. बाबा हे त्यांचे स्वतःचे नाव आणि पदमनजी हे वडिलांचे. वडील पदमनजी माणिकजी सरकारी नोकरीत होते, आणि घरी खाण्यापिण्याची ददात नव्हती. घरात व्रतेवैकल्ये व पोथीपुराण चालत असे, आणि मुलगाही लहानपणी देवधर्माच्या बाबतीत मोठा श्रद्धाळू होता. ज्या वर्षी बाबा जन्मले त्याच वर्षी मोल्सवर्थसाहेबांचा मराठी शब्दांचा मोठा कोश मुंबईस पहिल्याने प्रसिद्ध झाला. ह्या दोहोंची गाठ पुढे कशी पडली तेही सांगावयाचे आहे.

बेळगावात लंडन मिशनाची शाळा होती. तीत बाबा इंग्रजी शिकले, आणि तेथेच पवित्र शास्त्राची त्यांस पहिली ओळख झाली. पुढे ते मुंबईस गेले, काही काळ एल्फिन्स्टन विद्यालयात होते, आणि नंतर स्कॉटलंडच्या फ्री चर्च मिशनाच्या शाळेत दाखल झाले. डॉक्टर जॉन विल्सन ह्यांच्या परिश्रमाने नावारूपास आलेली ती शाळा. १८४३ साली बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री हेही त्याच मिशनात होते. एका विद्वान ब्राह्मण तरुणाने ख्रिस्ती व्हावे, ह्या गोष्टीने तेव्हा मुंबई हादरून गेली होती, आणि त्यांच्या सहवासाचा बाबांच्या मनावर परिणाम झाल्यावाचून राहिला नाही.

तथापि बाबा एकदम ख्रिस्ती झाले नाहीत. मध्यंतरी ते परमहंस सभेचे सभासद होते. ही सभा १८४९ च्या सुमारास मुंबईत निघाली. दादोबा पांडुरंग, राम बाळकृष्ण जयकर इत्यादी शहाणी माणसे तीत होती. जातिभेद मोडावा, मूर्तिपूजा सोडावी, विधवांचे विवाह व्हावेत, असे सभासदांचे मत असे, आणि परजातीच्या हातचा पाव खाल्ल्याखेरीज कोणास आत घेत नसत. परंतु हे सर्व दारे लावून चाले. सभा आटोपली की प्रत्येकाने आपापल्या घरी जाऊन पुन्हा जातीच्या पंगतीस बसावे, असा तो प्रकार होता. १८६० च्या सुमारास सभासदांची नावे फुटली आणि सभा मोडली. ह्या सभेविषयी आज जी माहिती मिळते तिच्यातील बरीचशी बाबांनीच पुढे लिहून ठेविलेली आहे. आत एक आणि बाहेर एक असे वागणे त्यांच्या जिवास मानवेना. खेड्यांतून आजही अशी माणसे आम्हांस भेटतात, की जी रात्री येऊन शास्त्र ऐकतात आणि सकाळी रस्त्यात ओळख देत नाहीत. त्यांस हसावयाचे आम्हांस धैर्य होत नाही, कारण उघडपणाची किंमत काय पडते हे बाबांच्या चरित्रात स्पष्ट दिसते.

ह्याच काळात बाबा लिहू लागले होते. एकविसाव्या वर्षी, १८५२ साली, स्त्रियांनी विद्या शिकावी की नाही ह्या विषयावर त्यांनी निबंध लिहिला. ख्रिस्ती होण्यापूर्वीचे हे लिखाण आहे ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. स्त्रियांच्या स्थितीची तळमळ त्यांस मिशनाने शिकविली असे सरसकट म्हणणे बरोबर होणार नाही. ती त्यांच्या मनात आधीपासूनच होती.

३ सप्टेंबर १८५४ रोजी बाबांनी बाप्तिस्मा घेतला, आणि तो बेळगावात, आपल्या जन्मगावी घेतला. मुंबईसारख्या परक्या शहरात हे करणे सोपे गेले असते. तेथे शेजारी कोण आहे हे शेजाऱ्यास ठाऊक नसते. बेळगावात बापास, भावकीस आणि जातीच्या पंचांस तोंड द्यावयाचे होते. बाप्तिस्म्यानंतर त्यांनी नाव बदलले नाही. शेवटपर्यंत ते बाबा पदमनजीच राहिले, आणि ज्या बापाचे मन त्यांनी दुखविले त्या बापाचे नाव आपल्या प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर छापीत राहिले.

आता त्या दुःखाची गोष्ट. बाबांचे लग्न त्या काळच्या रीतीप्रमाणे आधीच झाले होते. ते ख्रिस्ती झाले, परंतु त्यांची पत्नी त्यांच्याबरोबर आली नाही. बाबांनी तिची वाट पाहिली, तिचे मन वळविण्याचा यत्न केला, पण ती शेवटपर्यंत आपल्या माणसांतच राहिली. काही वर्षांनी बाबांनी एका ख्रिस्ती स्त्रीशी विवाह केला व त्यांचा नवा संसार मांडला गेला.

वाचकहो, येथे थोडे थांबू या. ज्या बाईचा नवरा धर्म सोडून गेला तिची गत त्या दिवसांत काय होत असे? नवरा जिवंत, म्हणून ती विधवा नव्हे. नवरा बाटलेला, म्हणून तिला सुवासिनीचा मानही धड मिळत नसे. वरच्या जातींत दुसरे लग्न करण्याची सोय नव्हती, आणि माहेरच्या दारी जे मिळेल त्यावर दिवस कंठावयाचे. ह्या अडचणीसाठी सरकारने पुढे १८६६ साली एक कायदा केला. नव्याने ख्रिस्ती झालेल्या मनुष्यास त्याच्या धर्मांतरामुळे पतीने वा पत्नीने सहा महिने सोडून दिले, तर त्याने कोर्टात दाद मागावी, कोर्टाने दुसऱ्या पक्षास बोलावून त्याचे मन समजून घ्यावे, आणि तरीही तो राहण्यास कबूल नसेल तर त्यास विचार करण्यास एक वर्षाची मुदत देऊन मग विवाह मोडावा, म्हणजे दोघांसही पुन्हा लग्न करण्याची मोकळीक व्हावी, असे त्या कायद्याचे स्वरूप होते. कायदा विचारपूर्वक केलेला होता. परंतु कागदावर मोकळीक मिळाली म्हणून उच्च जातीच्या बाईस दुसरा नवरा कोण देणार? आणि बाबांवर हा प्रसंग आला तेव्हा तर असा कायदाही नव्हता.

टिळकांच्या घरी असाच प्रसंग १८९५ साली आला. लक्ष्मीबाई तेव्हा नवऱ्याबरोबर आल्या नाहीत. रडल्या, भांडल्या, वेगळ्या राहिल्या, आणि काही वर्षांनी स्वतःच्या मनाने आल्या. ती सर्व कथा त्यांनी स्मृतिचित्रांत लिहिली, म्हणून आज आपण दोन्ही बाजू जाणतो. बाबांच्या पहिल्या पत्नीने पुस्तक लिहिले नाही. आम्ही बाबांस दोष देत नाही. विवेकाने जे खरे दाखविले ते त्यांनी केले, आणि तिला टाकून जाण्याची त्यांची इच्छा नव्हती. परंतु त्या धैर्याच्या किमतीचा एक वाटा त्या बाईने भरला, हे न सांगता त्यांचे चरित्र सांगणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

बाप्तिस्म्यानंतर बाबा पुण्यास फ्री चर्च मिशनाच्या शाळेत शिकवू लागले. मरे मिचेल साहेब तेथील प्रमुख मिशनरी होते, आणि त्यांचा व बाबांचा स्नेह जन्मभर टिकला. ह्याच दिवसांत, म्हणजे बाप्तिस्म्याला तीन वर्षे होतात न होतात तोच, यमुनापर्यटन प्रसिद्ध झाले. हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण, असे त्या नावास जोडलेले आहे, आणि ते खरेच आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. यमुना ही शिकलेली तरुण स्त्री असून तिचा पती विनायक हा सुधारलेल्या मताचा आहे. दोघे एकविचाराची. ती दोघे प्रवासास निघतात, आणि जेथे उतरतात तेथे त्यांस कोणी ना कोणी विधवा भेटते. कोणाचे केस बळाने काढले गेले, कोणाला लाल अलवण नेसवून कोपऱ्यात बसविले, कोणी फसली आणि गुप्तपणे बाळंत होण्यासाठी तिला क्षेत्राच्या ठिकाणी नेऊन सोडले, अशा एकामागून एक हकीकती यमुना ऐकते. पंढरपुरासारख्या पवित्र म्हणविणाऱ्या स्थळी काय चालते हेही लेखकाने झाकून ठेविले नाही. पुढे विनायकास मृत्यू येतो, आणि आजवर जी इतरांची दुःखे ऐकत होती ती यमुना स्वतःच विधवा होते. सासरी तिचा छळ होतो. शेवटी ती ख्रिस्ती होते व एका ख्रिस्ती गृहस्थाशी तिचा पुनर्विवाह होतो.

पुस्तक निघाले त्याच्या आदल्याच वर्षी, १८५६ साली, विधवाविवाहाचा कायदा झाला होता. विधवेचे लग्न कायदेशीर ठरले, मात्र पुनर्विवाह करताच पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरील तिचा हक्क जावा असेही त्यातच लिहिले होते. म्हणजे त्या वेळी हा विषय सर्वांच्या तोंडी होता, आणि बाबांनी लोखंड तापलेले असतानाच घाव घातला.

कदाचित आमच्या वाचकांपैकी कोणी म्हणेल, की आमच्या जातींत तर पाट लावण्याची चाल वडिलांपासूनच होती, मग ह्या कथेचे आम्हांस काय? शंका रास्त आहे. केशवपन, अलवण आणि पुनर्विवाहबंदी ह्या वरच्या जातींच्या गोष्टी होत्या, आणि वऱ्हाडातील कष्टकरी जातींत विधवेचा पाट सर्रास होत असे. परंतु पाटाच्या बाईस लग्नाच्या बायकोइतका मान किती घरांत मिळत असे, हळदीकुंकवास तिला कोणी बोलावीत असे काय, हे आपल्या आजीपणजीस ज्यांनी विचारले असेल त्यांस उत्तर ठाऊक आहे. आणि आज कर्ज ठेवून नवरा गेला म्हणजे सातबाऱ्यावर नाव चढविण्यापासून मुलांच्या शाळेपर्यंत जे सोसावे लागते, त्यात जातीचा भेद फारसा उरत नाही.

यमुनापर्यटन ही खरोखर पहिली कादंबरी होय की नव्हे, ह्याविषयी पंडितांत वाद आहे. कोणी म्हणतात की ती प्रचारासाठी लिहिलेली, म्हणून कादंबरी नव्हेच, आणि पहिला मान लक्ष्मण मोरेश्वर हळबे ह्यांच्या मुक्तामालेस, म्हणजे १८६१ सालच्या पुस्तकास, द्यावा. आम्हांस विचाराल तर पुस्तकात दोष आहेत. पात्रे मधूनच गोष्ट सोडून उपदेश करू लागतात. विधवांच्या दुःखावर शेवटी जो उपाय दाखविला आहे तो इतका सरळ रेषेत येतो, की वाचकाच्या मनातील शंकांस उत्तर मिळत नाही. परंतु मुक्तामालेसारख्या पुस्तकांत राजवाडे, अद्भुत योगायोग आणि दुष्टांची कपटे आहेत, तर बाबांच्या पुस्तकात महाराष्ट्रातील खरे रस्ते, खऱ्या धर्मशाळा आणि बायका जशा बोलतात तसे बोलणे आहे. ज्या दुःखाकडे लोक डोळे मिटून होते ते गोष्टीच्या रूपाने घरात आणून ठेवावे, ही युक्ती मराठीत प्रथम त्यांस सुचली. बनियनचे यात्रिकक्रमण हरी केशवजी ह्यांनी १८४१ साली मराठीत आणले होते. प्रवासात माणसे भेटत जावी आणि प्रत्येक भेटीत काही शिकावे, ही मांडणी बाबांच्या मनात तेथून आली असावी, असा आमचा तर्क आहे.

आणखी एक गोष्ट आमच्या मनात नेहमी येते. पुस्तकात नवराबायको बरोबर चालतात, जे एकास पटते ते दुसऱ्यासही पटते. लेखकाच्या घरात मात्र तसे घडले नव्हते. जे आपल्यास मिळाले नाही ते त्या तरुण शिक्षकाने कागदावर मांडले काय? आणि एकाकी स्त्रियांच्या हकीकती लिहिताना बेळगावाकडील ती एक स्त्री त्याच्या डोळ्यांपुढे आली नसेल, असे कोण म्हणेल?

ह्या पुस्तकाचा वंश पुढे वाढला. १८८२ साली आपल्या वऱ्हाडातील बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ह्यांनी स्त्रीपुरुषतुलना लिहून विधवांच्या वतीने पुरुषांस जाब विचारला. १८९० पासून हरी नारायण आपटे ह्यांची पण लक्षात कोण घेतो ही कादंबरी करमणूक पत्रातून येऊ लागली. तीत एका ब्राह्मण विधवेचे केशवपन वाचून घरोघरी डोळे पाणावले. त्या नायिकेचे नावही यमुनाच आहे. आपट्यांची कला कितीतरी श्रेष्ठ आहे ह्यात संशय नाही. पण त्यांच्या यमूच्या आधी तेहतीस वर्षे एक यमुना ह्याच वाटेने चालून गेली होती.

बाबांनी पुन्हा अशी मोठी गोष्ट लिहून नाव मिळविले नाही. ते निबंधांकडे आणि कोशांकडे वळले. शब्दरत्नावली हा समानार्थी शब्दांचा कोश त्यांनी रचला. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली होती. तीत सुमारे ६०,००० शब्द, पुस्तक जाडजूड आणि किंमत गरीब विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेर. तेव्हा बाबांनी त्याचा संक्षेप करून १८६३ साली छापला. मुलास काखोटीस मारून शाळेत नेता येईल असा मोल्सवर्थ त्यांनी करून दिला. हे काम किती कंटाळवाणे असते ते ज्याने एकदा तरी मंडळीच्या कुटुंबांची यादी अकारविल्हे लाविली असेल त्यास समजेल. हा संक्षेप आमच्या काळातही पुन्हा छापला गेला आहे.

सत्यदीपिका हे पत्र त्यांनी चालविले, आणि ज्ञानोदयाच्या मराठी बाजूचे संपादनही काही वर्षे केले. पुण्याच्या फ्री चर्च मंडळीचे पाळक म्हणूनही त्यांनी काही काळ सेवा केली, परंतु त्यांचा हात लेखणीकडेच ओढ घेई. पाळकपण सोडून ते मुंबईस ट्रॅक्ट सोसायटी व बायबल सोसायटी ह्यांच्या कामास लागले, आणि भाषांतरे तपासणे, मुद्रिते वाचणे, लहानमोठी पुस्तके लिहिणे ह्यांत त्यांचा उरलेला जन्म गेला. लहानमोठी मिळून शंभरावर पुस्तके त्यांच्या नावावर आहेत. त्यांतील बरीचशी वादविवादाची आहेत. हिंदू धर्मावर त्यांत केलेली टीका कित्येक ठिकाणी आज आम्हांस कडक वाटते, आणि तशा भाषेत आम्ही बाजारात उभे राहून उपदेश करणार नाही. नव्या करारावर त्यांनी मराठीत टीका लिहिली, ती मात्र उपदेशक बंधूंच्या फार उपयोगी पडली. इंग्रजी न जाणणाऱ्या खेड्यातील उपदेशकास वचनाचा अर्थ समजून घेण्यास दुसरे साधन तेव्हा क्वचितच होते.

१८८८ साली त्यांनी अरुणोदय हे आत्मचरित्र प्रसिद्ध केले. मराठीतील पहिल्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते. दोन वर्षांनी मरे मिचेल साहेबांनी त्याचे इंग्रजी रूप विलायतेत छापविले. लहानपणचे घर, आईबापांची भक्ती, शाळा, परमहंस सभेतील त्या बंद दारांआडच्या बैठकी, मनातील ओढाताण, हे सर्व बाबांनी त्यात सत्तावन्न वर्षांचे झाल्यावर, शांत चित्ताने आणि बापाविषयी पूर्ण आदराने लिहिले आहे. ज्या धर्मातून ते बाहेर आले त्यातील साध्याभोळ्या माणसांची त्यांनी येथे थट्टा केलेली नाही. त्यांच्या वादाच्या पुस्तकांहून हे पुस्तक आम्हांस अधिक प्रिय आहे, आणि ज्यास बाबांचे एकच पुस्तक वाचावयाचे असेल त्याने यमुनापर्यटन बाजूस ठेवून हेच वाचावे. कथा बाप्तिस्म्यापाशी येऊन थांबते.

बाबा २९ ऑगस्ट १९०६ रोजी वारले. त्यांचे वय ७५ वर्षांचे होते. बेळगावातील बाप्तिस्म्यास ५२ वर्षे पुरी होण्यास पाच दिवस उणे होते.